सुमनच्या नावाची भांडी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक होतं, तो वारला, त्याच्याबरोबर तेही गेलं. उरलेलं तुम्हाला सांगते. पण आधीच सांगून ठेवते — भांडी मोडीत घातली याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

बिजवराला दिलेली मी. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणत नाशकात आले. नवरा मनमाडला रेल्वेत, रविवारी घरी. घरात त्याची आठ वर्षांची मंगल, आणि भांडी. पितळी हंडा, कळशी, परात, ताटं — सगळी पहिलीच्या माहेरची, देवळ्याहून आलेली, आणि प्रत्येकावर नाव घातलेलं: सौ. सुमन. ती जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पण पाणी भरायचं तर सुमन, कणीक मळायची तर परातीच्या काठावर सुमन. चिंच लावून घासावं, तर नाव आणखीच चकाकायचं. सांगा, किती दिवस जेवाल तुम्ही दुसऱ्या बाईच्या नावावर? मत्सर नव्हता मला — खोटं कशाला बोलू, होता. पण त्याहून जास्त, त्या घरात मला श्वास घ्यायला जागा नव्हती.

तेव्हा घरोघरी पितळ जाऊन स्टील येत होतं. एका दुपारी मंगल शाळेत असताना मी हातगाडी बोलावली आणि सगळं भांडीबाजारात नेऊन मोडीत दिलं. स्टील घेतलं. तिथंच बसून एकेका भांड्यावर माझं नाव घालून घेतलं. त्या संध्याकाळी लग्नानंतर पहिल्यांदा मी स्वयंपाक करताना गुणगुणले. रविवारी नवरा आला, फळीकडे बघून म्हणाला, "पोरीला काय सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं काहीतरी. त्यानं पुढं विचारलं नाही.

काय सांगितलं — इथंच अडतंय माझं. मंगल शाळेतून आली आणि आईचा छोटा तांब्या शोधायला लागली. त्यातूनच पाणी प्यायची ती. तो एक ठेवता आला नसता? आला असता. त्यानं माझं काय बिघडत होतं? पण मोडीत घातला मी तोही. आणि तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं — तुझी आजी आली होती देवळ्याहून, सगळं घेऊन गेली. म्हणाली, मुलगीच राहिली नाही, आता या घराशी आमचा काय संबंध.

मंगल रडली नाही. त्या मे महिन्यात ती आजोळी गेली नाही, दिवाळीलाही नाही. मग माझ्या कुशीत झोपायला लागली, मला आई म्हणायला लागली. ते मला हवंच होतं. म्हणून मी खोटं मागं घेतलं नाही.

पुढच्या वर्षी आजी स्वतः आली. पोर खोलीचं दार लावून बसली. मी म्हातारीला पाणी दिलं. तिनं पेला हातात फिरवला, फळीवर नजर टाकली. "सुमनची भांडी?" मोडीत दिली, मी म्हटलं. मंगलला काय सांगितलंय तेही बोलून टाकलं — उद्धटपणेच, पदर खोचून. वाटलं, आता ही गल्ली गोळा करणार. तिनं पेला खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मीच नेली आसंच म्हन. माझं काय, आज हाये उद्या नाय. पोरीला तुझ्यापाशी ऱ्हायचंय, तिचं मन तुझ्यावरून नको उडाया."

बंद दाराशी जरा थांबली आणि गेली. ते दार मला उघडता आलं नसतं? मी पेला विसळून ठेवला.

म्हातारी वारल्याचा निरोप आला तेव्हा मंगल दहावीला होती. म्हणाली, मी नाही जाणार. मी म्हटलं, नको जाऊस, अभ्यास कर. भीतीपोटी म्हटलं असं नाही. मला ती देवळ्याला जायला नकोच होती. जुनं काढल्याशिवाय ते घर माझं झालं नसतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण म्हातारी म्हणजे काही पितळेचा हंडा नव्हता.

मंगल आता सासरी सुखात आहे. तिथं कुणी आजोळाची चौकशी केली की ती सांगते, आमच्या आजीनं माझ्या आईचा तांब्यासुद्धा ठेवला नाही माझ्यासाठी. मी भेटायला गेलेली असले की शेजारीच बसलेली असते. ऐकते, आणि चहा पिते.