विलंब माफीच्या अर्जातलं वाक्य

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. आधी कोर्टाच्या कामाचं निमित्त होतं, मग गुडघ्याच्या ऑपरेशनचं. गेल्या वर्षी तेलंगणातल्या आदिलाबादचं ऑफिस बंद केलं, पुस्तकांची कपाटं देऊन टाकली, आणि निमित्तं संपली.

माझ्या कागदावर खाडाखोड नसते, अशी माझी ख्याती होती. चुकलेला शब्द पेनानं कापून बाजूला छोटी सही करायची मुभा कोर्टात असते आणि सगळे वकील तेच करतात. मला ते गलिच्छ वाटे. ऑफिसात माझे दोन नियम होते. पेनानं दुरुस्ती करायची नाही. आणि एक चूक सापडली, तर ती एकटी असेल असं मानायचं नाही. सगळा कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचा. हे मी माझ्या सिनिअरकडून घेतलं होतं. त्यांनी माझे कागद फाडले होते आणि मी कोर्टामागच्या भिंतीला टेकून ओकलो होतो. तरीही मी तेच पुढं चालवलं.

माझी ज्युनिअर जवळच्याच बेला नावाच्या गावची. आजोबा लोकांच्या शेतात राबलेले, वडील शाळामास्तर, आणि ही घराण्यातली पहिली वकील. पक्षकार मराठीत बोलणार, साक्ष तेलुगूत होणार, कागद इंग्रजीत, आणि सातबाऱ्यासारख्या जुन्या पहाणी-उताऱ्यात निजामाच्या वेळचे उर्दू शब्द. तिला सगळं जमे. पक्षकार मला ओलांडून तिच्याकडं जात. "साहेबाचं राहू द्या बाई, तुमीच सांगा आमाले, आज कोर्टात काय झालं?" ती हसे. पहिली दोन वर्षं ती खूप हसायची.

शेताच्या हद्दीचा एक दावा आम्ही खालच्या कोर्टात हरलो होतो. अपिलाच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. मसुदा मी हातानं लिहिला होता, तिनं टाइप केला होता. मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासणीत अडकलो होतो, म्हणून दाखल करायला ती एकटी गेली. रांगेत उभं असताना तिच्या लक्षात आलं, की चतुःसीमेत पूर्वेला नाला आणि पश्चिमेला रस्ता पडलाय. खरं उलटं होतं.

खिडकीतल्या कारकुनानं पुढं मला सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "ओ मॅडम, कापा अन् सही मारा. पूर्व-पश्चिम बदलल्यानं सूर्य काय बुडून राह्यला का?"

"आमच्या सरांच्या कागदावर काट चालत नाही," ती म्हणाली आणि ऑफिसला परत आली.

ते पान दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असतील. पण माझा दुसरा नियम होता. तिनं सव्वीस पानं पहिल्या ओळीपासून वाचली, मग नव्यानं छापलेले तिन्ही संच वाचले. ती पोचली तेव्हा खिडकी बंद झाली होती.

मी ऑफिसात आलो, तेव्हा दोन वकीलमित्र सोबत होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "नाला कुठं, रस्ता कुठं, एवढं कळत नाही? अन् गावाकडची म्हणवतेस!"

"मसुद्यात बरोबर असेल, सर. मीच चुकीचं वाचलं असेल," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी मसुदा उघडला. माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं, पूर्वेस नाला. मी तो कागद घडी करून खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

एका दिवसाचा उशीर म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी विलंब माफीचा अर्ज द्यायचा आणि कारण लिहायचं. आमच्यात रिवाज असा, की कारण म्हणून ज्युनिअरचं किंवा कारकुनाचं नाव पुढं करायचं. कोणी ते मनावर घेत नाही. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. 'ज्युनिअरच्या निष्काळजीपणामुळे' इथं ती थांबली.

"सर, निष्काळजी असंच ठेवू?"

"हे नुसतं लिहायचं असतं गं. असंच लिहितात."

तिनं तो अर्ज निर्दोष टाइप केला. त्यातलं सगळं खरं आहे, असं शपथेवर सांगून खाली सही मी केली. जज्जसाहेबांनी एका मिनिटात उशीर माफ केला.

त्यानंतर ती प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचू लागली. ऑफिसचं कुलूप लागलंय का ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येई. डबा तसाच घरी नेई. मी बार रूममध्ये सांगत असे, "अशी ज्युनिअर मिळायला नशीब लागतं." मग एकदा नुसती तारीख मागायला ती कोर्टात उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, हेही टाइप करून आणा ना!" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

महिन्याभरानं मास्तर आले. "साहेब, पोरगी कशावरच सही करत नाही. बँकेच्या कागदावरबी नाही. नागपूरच्या डॉक्टरले दाखवलं, गोळ्या चालू हायेत. काऊन असं झालं असंल?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "मास्तर, वकिली सगळ्यांना झेपत नाही." ते मान हलवून, हात जोडून गेले.

ऑफिस बंद केल्यावर मी तिला पत्र लिहायला घेतलं. हात थरथरतो आता. प्रत्येक वेळी कुठंतरी शब्द कापला जाई आणि मी कागद फाडी. नऊ पत्रं अशी गेली. शेवटी या हिवाळ्यात मसुद्याचा तो कागद खिशात घालून मीच बेल्याला गेलो.

तिनं पाणी आणलं. केस पांढरे झालेत तिचे; चाळिशीही नाही अजून. माझा हात खिशाकडं गेला, तो तिनं पाहिला. पेला तिनं मधेच खाली ठेवला.

"सर, माझी आणखी एखादी चूक सापडली का?"

"नाही, नाही. इकडं आलो होतो, म्हटलं भेटावं."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

तिनं पेला माझ्यापुढं सरकवला. मग पुन्हा तेच विचारलं, "नक्की ना?" मी पाणी प्यालो आणि उठलो. हात खिशातून रिकामाच बाहेर आला होता.

परतीच्या बसमध्ये न बोललेली ती तिन्ही वाक्यं तोंडपाठ होती. पूर्वेला नाला मीच लिहिला होता. तू बरोबर वाचलं होतंस. मला माफ कर.