दोन पॉम्पेई

बोट नेपल्सला लागणार होती. आदल्या संध्याकाळी आम्ही नवराबायको बोटीवरच्या सहलींच्या काउंटरपाशी उभे होतो. एकीकडे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई, दुसरीकडे काप्री बेट. एका दिवसात दोन्ही होणार नव्हतं. मला बेटावर जायचं होतं. बघायचं असं काही नव्हतं, नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचं होतं.

"आणि तुम्ही, मॅडम?" काउंटरवरच्या गोव्याच्या मुलीनं विचारलं आणि ती माझ्याकडे बघत थांबली. माझ्या उत्तरासाठी असं कुणी थांबून कितीतरी काळ लोटला होता. मी बोलणार, तेवढ्यात हे म्हणाले, "तिला काय, कुठंही चालेल. दोन पॉम्पेई द्या."

मुलगी अजूनही माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "चालेल."

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात त्या ओसाड गल्ल्यांतून यांच्यामागून चालताना वाटलं, या शहराचं निदान एकदाच काय ते झालं. घरात हे गाडलं जाणं सावकाश होतं. पडद्यांच्या रंगापासून सुरुवात होते. उगाच वाद नको म्हणून आपण मान हलवतो आणि हळूहळू आपल्याला विचारायचंच राहून जातं. कुणी ओरडत नाही, कुणाला काही दिसतही नाही.

संध्याकाळी जेवताना हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगत होते, "हिला पॉम्पेई फार आवडलं."

"हो का? काय आवडलं हो तुम्हाला?" बाईंनी कौतुकानं मला विचारलं.

मी उत्तरासाठी यांच्या तोंडाकडे बघितलं.