दादाच्या स्विंगची वही

मला आकड्यांचा माज होता. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात क्वालिटी खात्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला तो असतोच. दहा पार्ट मोजायचे, एखादं माप भलतंच आलं तर मोजणाऱ्याचा हात चुकला म्हणायचं, ते खोडायचं आणि उरलेल्यांची सरासरी साहेबापुढे ठेवायची. खात्यात सगळेच तसं करायचे. हीच विद्या मी माझ्या सख्ख्या भावावर चालवली.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. घरची शेती कोथिंबीर, मेथी आणि झेंडूची. पण शाळा सुटल्यावर तो नाशिकबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायला लागला आणि बघून बघून खेळायला शिकला. नव्वदच्या दशकात बड्या बड्या कारखानदारांना तोच शिकवायचा. ध्यास एकच, पुण्याची चाचणी पास व्हायची आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून नाव लावायचं. दोनदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वेळी वय छत्तीस होतं. ही शेवटची संधी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"यंदा तुला मीच पास करतो," मी म्हणालो. मैदानावरच्या एका साहेबांनी परदेशातून वेग मोजायचं यंत्र आणलं होतं, टीव्हीवर मोठ्या खेळाडूंजवळ दिसतं तसलं. ते मागून घेतलं. गोल्फच्या नव्या स्टिकाही त्यांनीच वापरायला दिल्या. दर रविवारी सकाळी तीस बॉल. स्विंगचा, म्हणजे स्टिक फिरवण्याचा वेग, बॉल किती लांब गेला, कुठे वळला, सगळं वहीत. सोमवारी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर आलेख काढायचा.

"आयला, मला काय नटबोल्ट समजतो का रे?" दादा हसायचा. पण उन्हाळाभर वेग चढत गेला, तसा तोही आलेख घेऊन वहिनीला दाखवायला लागला.

पोळ्यानंतर तिसातले दोन-तीन बॉल जवळच पडायला लागले. मी ते खोडले.

"डाव्या हातात जोर येत नाय रे. बोटं लय बधिर होत्यात."

"स्टिकच्या मुठीची ग्रिप बारीक पडते तुला," मी ठासून सांगितलं आणि जाड ग्रिप बसवून आणली. मग वजनदार स्टिक दिली. मग तिसाचे साठ बॉल केले. दसऱ्यापर्यंत निम्मेअधिक बॉल खोडलेले होते, पण उरलेल्यांची सरासरी कशी झकास! तिच्याकडे बघून मी खूश. काय अक्कल पाजळली मी!

वहिनी एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, यांना कोथिंबिरीची जुडी बांधता येईना. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते."

"लाड बंद करा, वहिनी. चाचणी जवळ आली की त्याला दुखणी सुचतात." हे मी म्हणालो. माझी जीभ झडली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी स्टिक त्याच्या हातातून सुटून भिरभिरत गेली. साहेबलोक बघत उभे होते. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "कामचुकार आहेस तू! तुला मेहनतच नको." दादा स्टिक आणायला गेला आणि सपाट गवतावर पाय अडखळून पडला. तेव्हा कुठे मी त्याला डॉक्टरकडे नेलं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. मानेतल्या मणक्याची गादी सरकली होती आणि मज्जारज्जू दाबला जात होता. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. दादाला नीट सांगता येईना. मी मोठ्या शहाण्यासारखी वही पुढे केली. सरासरीकडे डॉक्टरांनी बघितलंही नाही. खोडलेल्या आकड्यांवर बोट फिरवत ते पानं मागे मागे उलटत गेले आणि पोळ्याच्या पुढच्या रविवारी थांबले.

"हे का खोडले?"

"चुकीचे वाटले."

"तेवढेच बरोबर होते. तेव्हाच आणलं असतं तर हात बराच वाचला असता." पुढचं ते हळू आवाजात बोलले. "आणि त्यानंतर तुम्ही दुप्पट बॉल मारायला लावलेत."

ऑपरेशन झालं. आणखी बिघडायचं थांबलं, गेलेलं मात्र परत आलं नाही. पुण्याच्या चाचणीचा दिवस दादा खाटेवर असतानाच उलटला.

मला वाटलं, आता हा मला शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. पण ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी खोलीत शिरलो, तर तो वहिनीला खुशीत सांगत होता, "बघ, डाक्टर काय म्हणला? मी चुकारपणा करत नव्हतो. ह्याच्या वहीतच हाय सगळं." मग माझ्याकडे वळला. "साहेबांना सांगशील का रे? त्यांना वाटत असंल, मी मेहनत सोडली व्हती."

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो. दादा आजारी होता, त्याची काही चूक नव्हती, डॉक्टरांना ते माझ्या वहीतूनच कळलं, असं सगळ्यांना सांगितलं; खोडाखोडीचं मात्र नाही. सगळे हळहळले. यंत्र ज्यांचं होतं ते साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू होतास म्हणून दुखणं कळलं तरी. भाऊ असावा तर असा."

मी मान डोलावली.