एका पाटावरची दोन पुस्तकं

कसं सांगू? सांगायची लाजच वाटते. पण तुमचा चहा प्यायलोय, तेव्हा ऐका. माझ्याच जिभेनं मला कसं चितपट केलं, त्याची हकीकत.

मी चौथी शिकलेला. आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. पण नाद एकच, लहान मुलांची जुनी चित्रांची पुस्तकं जमवायचा. हसू नका. चित्रं बघायला कुठं शाळा लागते?

प्राण्यांच्या गोष्टींचा एक जुना दोन भागांचा संच. पहिला भाग माझ्याकडे. वाघाच्या मिशा मोजून घ्याव्यात, असली चित्रं! दुसरा पुण्याच्या सबनीसांकडे. तो मिळेपर्यंत मला चैन नव्हती.

खंडेनवमीला सबनीस आपला भाग घेऊन घरी आले. म्हणाले, "तुमचा पहिला नुसता बघतो." मी म्हणालो, "तुमचा दुसरा नुसता बघतो." दोघेही थापा मारत होतो, दुसरं काय!

घरात पूजा मांडलेली. पाटावर पाना, पक्कड, हातोडा आणि माझी पुस्तकं. सबनीस पुस्तक माझ्या हातात देऊन हातपाय धुवायला गेले. माझा जीव थाऱ्यावर कुठला? उघडून बघायच्या आधीच ते पाटावर ठेवलं, माझ्या भागाशेजारी. वर सुपारी, सुपारीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. झालं!

सबनीस बाहेर आले आणि ओरडले, "अहो, हे काय केलंत?"

"पूजा! आज घरातलं पुस्तक पाटावरच असतंय."

"पण ते माझं आहे! संध्याकाळची गाडी आहे माझी!"

"उद्या जावा की. पुजलेलं पुस्तक दसऱ्याआधी हलवत न्हाईत, पावणं."

आतून आमची कारभारीण म्हणाली, "व्हय, व्हय. हात लावू नका त्याला."

सबनीस राहिले. पुरणपोळी खाल्ली, पण लक्ष पाटावर. ते एक फेरी मारायचे, मग मी एक. एका दुधावर दोन बोके!

दसऱ्याला पूजा उतरवली. सबनीसांनी हात पुढं केला आणि माझ्या अंगात आलं.

"थांबा! एका पाटावर पुजलेली जोडी फोडायची न्हाय. आमच्यात रीत हाय ती."

कसली रीत? तिथंच, त्याच क्षणी जन्मलेली!

"खरंच?"

"सात पिढ्यांची."

सबनीसांचा चेहरा पडला. मी मनात कपाटात जागा करायला लागलो. तेवढ्यात कारभारीण पदर खोचून पुढं आली.

"म्हंजे दोन्ही एकाच घरात ऱ्हायला पायजेत?"

"व्हय की!" मी छाती काढून म्हणालो.

"इतक्या वर्षांत कधी बोलला न्हाईसा."

"आता बोललो की!"

"बरं झालं." तिनं दोन्ही भाग धुतल्या कापडात गुंडाळले आणि सबनीसांच्या हातात दिले. "घ्या भाऊजी. पावण्याचं पुस्तक ठेवून घेतलं, तर गल्लीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय. आणि रीत मोडली, तर ह्यांना सोसायचं न्हाय."

माझा हात पुढं झाला, पण सात पिढ्या मध्ये उभ्या!

सबनीसांची पिशवी जड झाली म्हणून स्टँडपर्यंत मीच उचलून नेली. गाडीच्या खिडकीतून सबनीस हात जोडून म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला पुण्याला या. दोन्ही पाटावर मांडतो. पण दर्शन लांबूनच हं, हात लावायचा नाही!"

"येतो," म्हणालो. रीत माझीच होती ना!