अर्ध्या ओळीवर थांबणारं गाणं

धवलकुमार गेल्याचं मला भोरच्या एसटी स्टँडवर कळलं. चहावाल्याच्या मोबाईलवर त्याचं ते लग्नाच्या मिरवणुकीत बडवलं जाणारं गाणं चालू होतं आणि वर हार घातलेला फोटो. "तुमचा दोस्त गेला की वो, गुरुजी," चहावाला म्हणाला. माझा दोस्त धोंडिबा होता, भोंगवलीच्या धनगराचा. धवलकुमार हा प्राणी त्याच्यातून पुण्याला जाऊन तयार झाला, आणि त्याच्या गुळगुळीत गाण्यांनी मला कायम मळमळायचं. तरीही चहा तसाच ठेवून मी उठलो.

विशीत आम्ही दोघांनी एक कॅसेट काढली होती. त्याचा आवाज, माझी ढोलकी. त्यात मेंढरं कातरतानाचं एक गाणं होतं, त्याच्या आईचं. मेंढरू बिथरू नये म्हणून ती गुणगुणत कातरायची. पोटाखालच्या नाजूक कातडीशी कातर आली की श्वास रोखायची, आणि गाणं अर्ध्या ओळीवर थांबायचं. कातर सुखरूप बाहेर आली की पुढचा शब्द. धोंडिबानं ती जागा तशीच ठेवली. मीही ढोलकीवरचे हात उचलायचो. त्या शांततेत काय भीती होती, काय माया होती! त्या एका थांबलेल्या ओळीवरून मी त्याची पुढची सगळी गाणी ओवाळून टाकीन.

लोकांना वाटलं, टेपच खराब आहे. कॅसेटी परत आल्या. पुढे मोठा गायक झाल्यावर धोंडिबा भर सत्कारात हसत म्हणाला, "ते गाणं म्हणजे आमची पोरकटपणातली चूक." टाळ्या पडल्या. आईच्या श्वासाला चूक म्हणणाऱ्या माणसाशी मी बोलणं टाकलं. गेल्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "ती कॅसेट हाय का रं तुज्याकडं? एकदा ऐकव की." मी म्हणालो, "चूक कशाला ऐकतोस?" त्यानं फोन ठेवला. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

शोकसभेत तरी ते गाणं पूर्ण वाजावं म्हणून कॅसेट आणि जुना टेप घेऊन गेलो. त्याला एकदाही न भेटलेले वक्ते डोळ्यांना रुमाल लावत होते, आधी फोटोवाला कुठं आहे ते बघून. गाणं लागलं, त्या जागी आलं, थांबलं... आणि स्पीकरवाल्यानं ते बंद करून मिरवणुकीचं गाणं लावलं. "टेप अडाकली व्हती, गुरुजी!" सूत्रसंचालकानं तत्परतेबद्दल त्याचे आभार मानले. असल्या कानांसमोर रडायचीही लाज वाटली.

परवा भोंगवलीला गेलो. धोंडिबाची थोरली बहीण हिराक्का अंगणात मेंढरू कातरत होती, आईच्याच कातरीनं, तेच गाणं गुणगुणत. "बस रं बाबा, येवढं उरकते," म्हणाली. कातर पोटाशी गेली. आवाज थांबला. माझे हात आपोआप मांडीवरून उचलले गेले. मध्ये कुणी बोललं नाही. मग कातर बाहेर आली आणि पुढचा शब्द आला... एवढंच तर त्यानं ऐकव म्हटलं होतं.