मी म्हणाले, धीरे बोलो

घरातली पहिली पदवी माझी. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा माझ्या 'व्हतं', 'न्हाई'वर मुली हसल्या. वर्षभरात मी 'होतं', 'नाही' म्हणायला लागले. हिंदी टीव्हीनं दिली, इंग्रजी मी रेटून शिकले. त्यातून माझी एक समजूत झाली, की समोरच्यानं सावकाश बोललं तर कुठलीही भाषा आपल्याला येते.

म्हणून सातपुड्यातून कांदा काढायला टोळी आली, तेव्हा मी रोज त्या बायकांत जाऊन बसायचे. पिंपरी पेंढारला आमचं शेत, त्याला लागून शेजाऱ्यांचा ऊस. टोळीच्या मुकादमाला मराठी येत होती, बायकांना नाही. त्यांचं बोलणं इतकं भरभर, की एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कळायचं नाही. आमच्याकडं माणूस 'लई' म्हणतानासुद्धा दम घेतो. त्या बायकांतली एक माझ्याच वयाची, तिच्यासोबत तिची तीन वर्षांची मुलगी. ती बोलायला लागली की मी हात दाखवून म्हणायचे, "धीरे बोलो." तेवढी हिंदी तिला कळायची. ती हसायची आणि एकेक शब्द सुटा करून सांगायची. मी वहीत लिहून घ्यायचे.

आई चिडवायची, "कांदं काढ की जरा. त्या वहीची काय भाजी करायची हाय का?"

त्या दिवशी मुकादम बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. दिवस मावळायला आलेला. मी बांधावर गोण्या शिवत होते. ती बाई उसाच्या बाजूनं पळत आली, माझा दंड धरला आणि बोलायला लागली. मधे श्वास घेत नव्हती. मला एक शब्द लागला नाही. मी हात दाखवला.

"धीरे बोलो."

ती पुन्हा बोलली, आणखी भरभर. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. मला वाटत होतं, मी तिला शांत करतेय.

आई चार वाफे पलीकडं होती. तिला शब्द कुठले कळायला, तिनं नुसता आवाज ऐकला. विळा घेऊन उठली आणि पळतच ओरडली, "अगं येडे, पोर न्हाई तिच्यासंगं! बिबट्या आला असंल! हुबी काय राह्यलीस?"

मग सगळे आरडाओरडा करत, डबे वाजवत उसात शिरलो. चौथ्या सरीत मुलगी सापडली. अंग गरम होतं. श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचे साहेब जबाब लिहायला आले. मुकादम त्यांचे प्रश्न मुलीच्या आईला तिच्या भाषेत सांगत होता. साहेब माझ्याकडं वळले.

"तुम्ही होता ना तिथं? ही ओरडत आल्यावर किती वेळानं आत गेलात?"

"लगेच," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला.

मुकादमानं माझं उत्तर त्या बाईला सांगितलं. त्यावर ती बराच वेळ बोलली. मान खाली, आवाज न चढवता, पण तशीच भरभर.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मुकादमानं आधी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय न्हाई, ताई. लिवू द्या साहेबांना."

साहेबांनी 'लगेच' लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला. साक्षीदार म्हणून मी सही केली. इंग्रजीत.