भिंगवाल्यांचा दुसरा शेरा

जुन्या गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवायची, हा भिंगवाल्यांचा तीस वर्षांचा धंदा. डोळ्याला कायम भिंग, म्हणून हे नाव पडलं. त्यांचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण त्या सकाळी धाकट्या साडूने गॅरेजचं शटर वर केलं आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आत हिरवी पिकअप उभी होती. साठ वर्षांची, पण नव्या नवरीसारखी नटलेली.

बारा वर्षांपूर्वी याच गाडीवर त्यांनी शेरा मारला होता : ‘इंजिन बदललेलं. भंगार.’ तो वाचून मालकाने ती भंगाराच्या भावात फुंकली, आणि घेतली कोणी, तर या साडूने! धंद्याने सुतार. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

“विकायचा विचार आहे, दादा. तुम्ही लिहाल ती किंमत,” साडू म्हणाला.

‘लिहितो की, चांगली लिहितो!’ भिंगवाले मनात म्हणाले. त्यांनी लोहचुंबक काढून दाराला लावलं. रंगाखाली पोचे बुजवायला लांबी भरलेली असली की ते गळून पडतं. ते घट्ट चिकटलं. मडगार्डलाही चिकटलं. हौद्याच्या फळ्यांच्या सांध्यात तर नख शिरेना. दोष सापडेना तसा त्यांचा जळफळाट वाढला. परवाच बायकोने ऐकवलं होतं, “धाकटीच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने गाडी उभी केली. तुम्ही बसा लोकांच्या तपासत.”

उरलं इंजिन. त्याचा नंबर मूळ कागदाशी जुळला नाही की किंमत निम्मी, आणि तो जुळत नाही हे तर त्यांनीच लिहिलेलं! खुशीत वाकून त्यांनी नंबरावर कागद धरला, पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटला. सगळे जुळले.

मग आठवलं. तेव्हा भूक लागली होती, म्हणून खालच्या खऱ्या नंबरावरचं चिकट काळं तेल खरवडायचा कंटाळा केला आणि वरच्या झाकणावरचाच नंबर उतरवून घेतला. बदललेलं होतं ते नुसतं झाकण.

जुनाच शेरा पुन्हा लिहिला असता तर अब्रू राहिली असती, साडूही खाली आला असता. त्यांना तसं फार लिहावंसं वाटलं. पण तीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. ‘इंजिन मूळचंच’ लिहून त्यांनी खाली भलीमोठी किंमत मांडली, शिक्का मारला.

“मागे मी चुकलो होतो,” ते कसेबसे म्हणाले.

“ठाऊक आहे. गाडी आणली त्याच आठवड्यात मी इंजिन घासलं, तेव्हाच खरा नंबर दिसला.”

“मग आज मला कशाला बोलावलंस?”

“विकायचीय कुणाला? सासरी पंचवीस वर्षं ऐकतोय, ‘गाडीतलं कळतं ते थोरल्या जावयालाच!’ फार जळलो हो, दादा. एकदा तुमच्या हातचं लिहिलेलं हवं होतं.” साडूने कागद खिशात घातला. “चला, बसा. सासूबाईंना दाखवून येऊ.”

भिंगवाले बसले. दार एका बोटाने लागलं. त्याचाही त्यांना राग आला.